कडीवरचा अंगठा

माझ्या हाताला घाम फार येतो. लहानपणापासूनच. शाळेत पेपर लिहिताना कागदावर डाव्या हाताची ओली छाप उमटायची, तिथली शाई फुटायची, आणि बाई बोलायच्या, पाण्यात बसून लिहिलंस काय गं. नववीत शाळा सुटली, मंग लग्न झालं, पोर झालं, पण घाम काय सुटला नाय. भीती वाटली की जास्त येतो. आणि मला भीती कशाची वाटत नाय ते विचारा. पोर झोपलं तरी नाकाजवळ बोट धरून बघते, श्वास चालू हाय ना.

त्या घामानं गेल्या मे महिन्यात माझं काम जवळजवळ घालवलं. काम पण असं, की कुणाला सांगितलं तर हसतात. मी विमानाच्या पंख्याला गंज लागू नये म्हणून काम करते.

पनवेलच्या बाहेर, कारखान्यांच्या रांगेत एक पत्र्याचा शेड हाय. आमच्या गव्हाणवरून पनवेल, पनवेलवरून परत शेअर रिक्षा. तिथं विमान नाय येत, विमानाच्या नाकावरचा पंखा येतो. मोठी विमानं नाय, पोरं शिकतात ती लहान, दोन माणसांची, चार माणसांची. मला तिथं आपानं लावलं. सरकारी दवाखान्यात माझ्या बाजूच्या खाटेवर आपाची मुलगी बाळंत झाली होती, तेव्हापासून ओळख. आपा पनवेलच्याच, मुसलमान मोहल्ल्यातल्या, सहा वर्सं त्या शेडात. मला बोलल्या, "बेटा, काम बसून हाय, सावलीत हाय, आणि बायकांना कुणी नजर वर करून बघत नाय. सगळ्यांची नजर लोखंडावर."

पहिल्या दिवशी काकांनी माझ्यापुढं एक चकचकीत लोखंडी पट्टी ठेवली. काका म्हणजे आमचे मोठे मिस्त्री, सगळं आयुष्य सैन्यातली विमानं दुरुस्त करण्यात गेलेलं, डोळ्यावर दोन चष्मे, एक नाकावर, एक कपाळावर.

"अंगठा दाब," ते बोलले.

मला वाटलं हजेरी हाय. दाबला. मला धीर यावा म्हणून आपानं पण दुसऱ्या पट्टीवर दाबला. दोन्ही पट्ट्या कपाटात गेल्या. दुसऱ्या दिवशी काढल्या तर आपाची पट्टी आरशासारखी, आणि माझ्या पट्टीवर तांबडा अंगठा. एकेक रेघ उमटलेली. लहानपणी विळीनं कापलं होतं त्याची आडवी खूण पण, बरोबर मधून.

"गंजका हात," काका बोलले. "काहींच्या घामात खार जास्त असतो. दोष नाही तो. पण या हातानं उघडी कडी धरलीस, तर ती तिथूनच मरायला लागते."

मी बोलली, "मंग मी नको काय?"

"नको असतीस तर पट्टी कशाला दाखवली असती? ग्लोज घालायचे. ओले झाले, बदल. फाटले, बदल. डोकं खाजवायला काढायचे नाहीत."

पट्टी त्यांनी माझ्या टेबलाच्या वर तारेनं टांगली. रोज समोर.

कडी कुठली ते सांगते. पंख्याची पाती ज्या गोळ्यात बसतात त्याला हब बोलतात. घरच्या पंख्यासारखी ती घट्ट ठोकलेली नसतात. पायलटनं आतून दांडी हलवली की प्रत्येक पातं आपल्या जागच्या जागी थोडं वळतं, चढताना वेगळं, सरळ जाताना वेगळं. वळायचं तर आत बेअरिंग पायजे, लोखंडी गोळ्या, आणि त्या गोळ्या जिच्यावर पळतात ती कडी. सगळं ग्रीसमध्ये बुडालेलं. बाहेरून दिसत नाय. हबमध्ये पाणी गेलं, ग्रीस सुकलं, नायतर एका जातीच्या ग्रीसवर दुसऱ्या जातीचं भरलं, की आत गंज धरतो, पातं जाम होतं. माझं काम धुणं, सुकवणं, पुसणं, कडीला ग्रीस चोळून काकांच्या हातात देणं. बस्स.

जाम होणं म्हणजे काय ते मी पहिल्याच महिन्यात बघितलं. एक पंखा आला, तो म्हणे अख्खा पावसाळा विमानाला लावून उघड्यावर उभा होता. कुणी हातानं दोन फेरे पण फिरवला नव्हता. काकांनी हब उघडला तर आतून तांबडं पाणी आलं, आपण भांडं घासल्यावर येतं तसं. दोन पाती वळली. तिसरं नाय. काकांनी पातं धरून अंगाचा जोर लावला, मंग लाकडी हातोडा घेतला, मानेच्या शिरा वर आल्या, पातं ढिम्म. मी विचारलं, "काका, हे वर असतानाच जाम झालं असतं तर?" काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि नाकावरचा कपाळावर.

"तू गोळ्या पूस," ते बोलले.

जाम होणं मला लगेच कळलं, कारण आमचं घर मिठावरचं. माझे बाबा मिठागरात होते. मिठागरात लोखंड कुणी नेत नाय, मीठ ओढायची फळी लाकडाची, खुंट्या पण लाकडाच्या. बाबांची एक सायकल होती, ती बाहेर नेवो न नेवो, रोज संध्याकाळी उलटी करून पायडल फिरवायचे आणि खोबरेल सोडायचे. एकदा ते तापानं पंधरा दिवस पडले, उठून बघतात तर चेन गंजून काठीसारखी ताठ. आता ते मिठागर पण नाय, तिथं भराव पडला, वरून विमानं जातात. खारा वारा मात्र हाय तसाच.

शेडात दोन गोष्टींना माफी नव्हती. उघड्या हातानं कडी धरणं, आणि फोन. फोन दारावर पेटीत ठेवायचा. फोनसाठी माणूस ग्लोज काढतो, म्हणून. माझ्या आधी एक मुलगी होती, ती फोनपायीच काम जाऊन घरी बसली, असं आपानं मला पहिल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं.

मेच्या शेवटी माझं कार्ड होणार होतं. कार्ड म्हणजे कायम. कार्ड झालं की पोराला कामगारांच्या दवाखान्यात दाखवता येणार. अकरा महिन्यांचं माझं पोर, त्याची छाती भरते. हवा ओली झाली की शिट्टीसारखा आवाज येतो छातीतून. नवरा बंदरावर ट्रेलर चालवतो, गेला की चार-चार दिवस नाय. तर ते कार्ड मला किती पायजे होतं, ते मी कुणाला बोलून दाखवत नव्हती, नजर लागेल म्हणून. मालकांच्या केबिनमध्ये कागद तयार होता, आपानं बघितला होता. सही राहिली होती.

त्या दिवशी सकाळी पोराचं अंग कोमट होतं. आणि आमच्याकडं मासळी सुकत होती. पावसाळ्याची बेगमी मेमध्येच होते, अंगणात जाळी टाकून बोंबील, करंदी, मांदेली, आणि मोठ्या माशाचे तुकडे मिठात घालून खारवलेले. सासूची कंबर धरली होती, म्हणून निघायच्या आधी मीच खाऱ्याचे तुकडे पलटले. मीठ बोटांच्या चिरांत जातं, साबणानं वास जातो, चुणचुण जात नाय.

सासू बोलली, "जा तू. मी हाय ना. पोराला काय झाला तं फोन करीन."

हे "फोन करीन" डोक्यात घेऊन मी शेडात आली. आणि फोन पेटीत ठेवला नाय. ॲप्रनच्या आतल्या खिशात ठेवला, आवाज बंद करून. खोटं काय बोलू, मी विचार करूनच ठेवला.

दुपारी, काका तिसऱ्या पात्याची कडी बसवायच्या बेतात, मी ग्रीसच्या तसराळ्यापुढं, आणि खिशात थरथर. मी वळून मागच्या रॅककडं तोंड केलं, उजव्या हाताचा ग्लोज ओढून काढला, आत घामाचं पाणी साचलेलं, बोटं पांढरी झालेली.

"अगो, पोर वकला," सासू सांगत होती. "आंग चटचट लागतंय. दूद पन नाय घेत."

"छाती वाजते का?"

"वाजते थोरी."

"डॉक्टरकडं न्या. आत्ता न्या, रिक्षा करा—"

"कडी!" काका तिकडून ओरडले. "कडी दे गं, हात अडकलाय माझा!"

मी फोन खिशात टाकला आणि कडी उचलली. दोन बोटं आतून, अंगठा गोळ्या पळतात त्या वाटेवर. ग्रीसमध्ये बुडवली, फिरवली, काकांच्या हातात दिली. त्यांनी मान वर न करता घेतली, बसवली, वर गोळ्या, वर दुसरी कडी, वर झाकण. मी माझ्या हाताकडं बघितलं. उघडा. ग्रीस लागलेला, घामानं चमकणारा, उघडा हात.

मी गुपचूप पुसला आणि नवा ग्लोज चढवला.

संध्याकाळी त्या हबला काम झाल्याचा टॅग लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो लाकडी पेटीत भरून जाणार होता.

घरी आली तर डॉक्टरनं औषध दिलेलं, पोर निपचित, पण छाती जरा मोकळी. अंगणात खाऱ्याचा वास. आणि त्या वासानं माझ्या डोक्यात टाचणी घुसली. घाम होताच, त्यात मीठ. सकाळचं मीठ. हाताला चुणचुण अजून होती.

मी पोराला मांडीवर घेऊन बसली. कपाळाला हात लावायचा, मंग हब आठवायचा, मंग परत कपाळ. कडी ग्रीसमध्ये हाय, ग्रीस गंजू देत नाय, म्हणूनच तर लावतात. पण मीठ ग्रीसच्या आधी लागलं, खाली. वरून चादर घातली तरी आतलं अंग तापायचं ते तापतंच ना.

शेवटी मी विळी घेतली. पातं राखेनं घासलं, चकचकीत केलं, पुसलं. सकाळचे खाऱ्याचे तुकडे परत पलटले, हात धुतले सकाळी धुतले तसेच, घाम येईपर्यंत बसली, त्याला काय वेळ लागत नाय, आणि विळीच्या पात्यावर अंगठा दाबला. वरून तेल सोडलं, जाडसर. विळी फळीवर ठेवून दिली.

सकाळी सासूचाच आवाज पहिला.

"ईलीचा काय केलास गो? आताच तं घासली व्हती!"

मी धावली. तेलाच्या खाली फिकट तांबडं वर्तुळ. रेघा दिसत होत्या. मधली आडवी खूण पण.

"आई, माझ्या हातून विमानाचं काम बिघडलं," मी बोलली आणि सगळं सांगितलं.

सासूनं पोराला खांद्यावर घेतलं. "इमानाला काय धाड भरलेय? ता लोखंडाचा हाय. तू गप रव. कारड होऊ दे."

"त्यात माणसं बसतात, आई. पोरं बसतात शिकायला."

सासूनं विळी उचलली. मंग पदरानं तो डाग पुसायला लागली. "जाईना," ती बोलली. परत पुसलं. "काय गो तुजा हात हाय का इख?"

मी न जेवता निघाली.

शेडाच्या बाहेर टपरीवर आपा भेटल्या. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी आधी मला चहा पाजला.

"चुप रहा," त्या बोलल्या. "ग्रीसमध्ये बुडालेली कडी, कोण बघतंय?"

"कुणी नाय."

"हं. अल्लाह बघतो, पण तो मालकाला सांगत नाय." स्वतःच हसल्या, मंग हसू गेलं. ग्लास खाली ठेवला. "नाय बेटा. सांग. पण फोनचं कशाला सांगतेस? फोनचं सांगितलंस तर गेलीसच. बोल, ग्लोज फाटला. ग्लोज तर फाटतातच. हब उघडतील, कडी बदलतील, तुझं कार्ड पण राहील. कुणाचं काय नुकसान?"

मला ते इतकं बरोबर वाटलं, की मी आपाचा हात धरला, त्यांचा कोरडा, थंड हात.

काका पेटीला खिळे मारायची तयारी करत होते. मी समोर जाऊन उभी राहिली, श्वास लागलेला, पळत आल्यासारखा.

"काका, तिसऱ्या पात्याची कडी... माझा ग्लोज फाटला होता. अंगठ्याला. मला नंतर कळलं."

ते ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाय. हातोडा ठेवला. "नंतर म्हणजे कधी?"

"संध्याकाळी."

"फाटका ग्लोज कुठाय?"

"टाकला." कचरा सकाळीच गेला होता.

काकांनी मान हलवली. "बरं झालं सांगितलंस," ते बोलले. आणि माझ्या टेबलावरचं ग्लोजचं खोकं उचललं, एक ग्लोज काढला, नळाखाली धरून पाणी भरलं. फुग्यासारखा टम्म झाला. कुठून गळला नाय. दुसरा भरला. तिसरा. मला कळेना काय चाललंय.

"काका, काय करता?"

"एक फाटतो तेव्हा एकटा फाटत नाही. खोकंच वाईट असेल." त्यांनी वही काढली. "हे खोकं सोमवारी फोडलंय. सोमवारपासून किती हब झाले?" बोटानं मोजले. "चार. दोन इथे आहेत, ते उघडू. दोन गेले." चष्म्याची अदलाबदल केली. "एक विमानाला लागला असेल आज सकाळी."

आपा मागं उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावरचा रंग उडालेला मला दिसला.

काकांनी टेबलावरचा फोन उचलला आणि नंबर फिरवायला लागले. "त्यांना सांगतो, उडवू नका. आधी काढा." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. संशयानं एकदा जरी बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पलीकडं रिंग वाजत होती, मला ऐकू येत होती, आणि मला ते विमान दिसत होतं, चांगलं, धड, त्याला काहीच झालेलं नाय, आणि माणसं शिडी लावून त्याचा पंखा काढतायत, माझ्या न फाटलेल्या ग्लोजसाठी. आणि परत कधी खरंच ग्लोज फाटके निघाले तर कोण विश्वास ठेवणार?

"काका, फोन होता," मी बोलली.

"काय?"

"ग्लोज फाटला नव्हता. मी काढला. खिशात फोन होता. पोराला ताप होता."

पलीकडून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं. काकांनी "नंतर करतो" म्हणून फोन ठेवला. हळू ठेवला. मला ते जास्त लागलं.

"म्हणजे एकच हब."

"एकच."

"एकच कडी."

"हो."

"शपथ घेऊ नकोस," ते बोलले, कारण मी गळ्याशी हात नेला होता. "पक्कड आण."

हब उघडायला तासभर गेला. मी हत्यारं देत होती, दोन ग्लोज एकावर एक घालून. कडी बाहेर आली, ग्रीसनं पिवळी. काकांनी चिंधीनं पुसली, थिनरनं धुतली, दिव्याखाली धरली.

"कुठे आहे?" आपा बोलल्या. "काही नाय. बघा, साफ हाय."

खरंच काही दिसत नव्हतं. माझ्या मनात आलं, उगाच बोलली. देवा, उगाच बोलली. कार्ड गेलं आणि कडी साफ.

काकांनी कडी तिरकी केली. मंग भिंग घेतलं. मंग मला जवळ बोलावून भिंग माझ्या हातात दिलं.

चहा सांडून पुसल्यावर राहतो तसला डाग. नखाएवढा. बारीक रेघा, गोल गोल, आणि मधून आडवी कापलेली खूण. काकांनी तारेवरची पट्टी काढून बाजूला ठेवली. पहिल्या दिवशीचा अंगठा आणि हा अंगठा. मला माझ्याच हाताची एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"किती दिवसात जाम झालं असतं?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. एवढ्यानं एका दिवसात काही होत नाही. डाग खड्डा धरतो, गोळी त्या खड्ड्यावरून लाख वेळा जाते, खड्डा वाढतो. वर्ष लागेल, दोन लागतील. आणि तोवर कुणाला आठवणार, कुणाचा अंगठा?"

खराब कडी शेडात तशीच टाकून देत नाय, कुणी उचलून परत कुठं लावेल म्हणून कापतात. काकांनी ती शिकंज्यात धरली आणि ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या. दोन तुकडे झाले.

मंग ते कागद घेऊन मालकांच्या केबिनकडं निघाले. दारात वळून मला बोलले, "तू स्वतः सांगितलंस ते लिहितो. आधी खोटं सांगितलंस तेही लिहितो."

"लिवा," मी बोलली. दुसरं काय बोलणार.

मालकांनी मला आत बोलावलं तेव्हा तो कार्डाचा कागद त्यांच्या हाताखालीच होता. मला उलटा दिसत होता. माझं नाव उलटं पण वाचता येतं. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. पावसाळा संपेपर्यंत धुण्याच्या खोलीत, हबच्या टेबलावर नाय, कार्डाचं नंतर बघू, आणि परत फोन सापडला तर सरळ घरी. मी हो-हो करत बाहेर आली. आपा बाहेर डोळे पुसत होत्या. "माझ्यामुळं," बोलल्या, "मी तुला ग्लोजचं शिकवलं." मी बोलली, "आपा, तुमचा ग्लोज नसता तर मी बोलायला उभीच राहिली नसती." ते खरं होतं. खोट्याच्या धीरावर गेली मी तिथंवर.

सुटायच्या वेळी काकांनी विचारलं, "पोराचं कसं आहे?"

"मला माहीत नाय," मी बोलली. "फोन पेटीत हाय."

त्यांनी एका कागदाच्या कपट्यावर आकडे लिहिले. "हा या टेबलावरच्या फोनचा नंबर. सासूबाईंना दे. काही असलं तर इथे करतील, मी उचलेन. माझ्या हाताला गंज नाही."

तो कपटा सासूनं देवाच्या फोटोमागं खोचला. पोराला तिसऱ्या दिवशी ताप उतरला, दोन दात दिसले. छाती अजून वाजते. पावसाळाभर वाजली. कार्ड नव्हतं, तर पनवेलच्या डॉक्टरकडं रांगेत बसायची, आणि रांगेत बसल्यावर माझ्या मनात यायचंच, गप राहिली असती तर. येतं. अजून येतं. आणि अंगणात उभी असताना वरून एखादं लहान विमान गेलं की आवाज पूर्ण जाईपर्यंत मी हातातलं काम थांबवते, ते पण होतं.

गणपती होऊन गेल्यावर काकांनी मला परत टेबलावर घेतलं. कार्डाचा कागद अजून ड्रॉवरमध्ये हाय. पट्टी तारेवर हाय, आणि तिच्या बाजूला आता अर्धी कडी टांगलेली हाय, डागाकडची.

परवाची गोष्ट. काका हबवर वाकलेले, मी ग्रीसच्या तसराळ्यापुढं, हातात कडी. टेबलावरचा फोन वाजला. सासूचा फोन असला की रिंग शिट्ट्या मारल्यासारखी थांबत थांबत वाजते असं मला वाटतं, तशी काय वाजत नाय, पण मला कळतं. दोन्ही ग्लोजमध्ये पाणी सुटलं. कडी मी धरून ठेवली, तसराळ्याच्या वर, तशीच.

काकांनी हात पुसून फोन उचलला.

"हॅलो. हो, आई. हो, इथेच आहे... नाही आई, ते विमान मी उडवत नाही, मी फक्त पंखा... हो. हो. बरं, विचारतो." त्यांनी फोनवर हात ठेवला, तोंड गंभीर.

"पोराच्या भाताच्या खिमटीत घालायचीय म्हणतात. सुक्या करंदीचा डबा कुठे ठेवलायस?"

"माळ्यावर," मी बोलली. "निळ्या झाकणाचा. पोर कसं हाय?"

काकांनी विचारलं. ऐकलं. "ओरडतंय म्हणतात. भुकेनं."

आपा पलीकडं तोंडावर चिंधी धरून हसत होत्या. मी कडी ग्रीसमध्ये ठेवली, फिरवली, काकांच्या हातात दिली. मंग डब्याजवळ जाऊन दोन्ही ग्लोज काढले, उलटे करून त्यातलं पाणी ओतलं आणि नवे घातले.